दुर्बीण घ्यावी पारखून

“माका कायेक दिसणा नाय गो. डोळे गेले माझे. वय झाला आता,” असं म्हणून काकींनी दुर्बीण माझ्या हातात परत दिली आणि वल्हं उचललं.

डिसेंबरातली सकाळ होती. ओहोटी लागलेली. कांदळवनाच्या कडेनं चिखल उघडा पडला होता आणि त्यात तुतवार, चिखल्या असे लहान लहान पक्षी टुणटुण धावत किडे टिपत होते. आम्ही दोघी एका कयाकमध्ये, मी पुढे, काकी मागे. काकींचं वय चौपन्न. सारा जन्म याच खाडीत तिसऱ्या आणि कालवं काढण्यात गेलेला. पाण्याचा रंग बघून भरती कुठवर आली ते सांगणारी ही बाई. तिचे डोळे गेले? खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही ते खरंच वाटलं. म्हटलं, चष्मा आहे, वय आहे, असेल तसं. दोष त्यांच्या डोळ्यांत नसून आमच्या दुर्बिणीत होता, हे कळायला पुढे वर्ष जावं लागलं. त्या वर्षाची ही कथा. म्हटली तर खरेदीची, म्हटली तर थोडी अधिक.

आधी आमच्याबद्दल सांगते. मी मूळची घाटावरची. बी. ए. झाले, लग्न होऊन मालवण तालुक्यातल्या या खाडीकाठच्या गावी आले, त्याला आता बावीस वर्षं झाली. घर सांभाळून बायकांच्या बचत गटाचे हिशेब लिहिते, बँकेत खेपा घालते, कुणाचा अर्ज, कुणाचं रेशनकार्ड बघते. गटात आम्ही नऊ जणी. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ साली कांदळवनाची सफर सुरू केली. स्वतः वल्हं मारत पाहुण्यांना खाडी दाखवणाऱ्या त्या बायकांविषयी ऐकून आमच्याही गटाला हुरूप आला. पुढे आम्ही दोन माणसांच्या चार कयाक घेतल्या.

ज्यांनी कयाक पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही लांबट, अरुंद, हलकी होडी. दोन्ही टोकांना पातं असलेल्या एकाच वल्ह्यानं चालवायची. बसणारा पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच. आमची बाई मागे बसून होडी सांभाळते, पाहुणा पुढे बसतो. इंजिन नाही, आवाज नाही, धूर नाही. दाट कांदळाच्या मुळांमधून निघालेल्या अरुंद चिंचोळ्या पाण्यातही ती शिरते.

पण बिनआवाजाची होडीसुद्धा पक्ष्यांना दिसतेच. पाहुण्यांचं एकच म्हणणं, “ताई, अजून जवळ घ्या ना!” त्यांचंही चूक नव्हतं. पैसे मोजून आलेल्या माणसाला राखाडी ठिपके बघून कसं समाधान व्हावं? आम्ही जवळ न्यायचो आणि सगळा थवा भुर्रकन उडून जायचा. तो पुन्हा बसतो न बसतो तोच मागची कयाक पोहोचायची. यातले कितीतरी पक्षी हिवाळ्यात मध्य आशिया, सायबेरियाकडून हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेवढेच काही तास त्यांच्या जेवणाचे. भरती आली की ताट झाकलं गेलं! त्या वेळात आम्ही त्यांना चार-चारदा पानावरून उठवत होतो. आपल्या दारी आलेल्या पाहुण्याला असं कुणी उठवतं का?

म्हणून दुर्बीण हवी होती. लांब थांबून जवळचं बघता यावं एवढ्यासाठीच. २०२० साली महाराष्ट्र सरकारनं पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला, तेव्हा गावात आम्हाला केवढं कौतुक वाटलं होतं. पण झाडाला मान देऊन त्यावर बसणाऱ्याला हाकलायचं, हे काही मनाला पटेना.

आमची पहिली दुर्बीण आम्ही एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर घेतली. दोन हजार चारशे रुपये. विकणाऱ्यानं छातीठोक सांगितलं, “ही झूमवाली आहे, शंभरपट मोठं दाखवते!” भिंगं लालभडक चमकत होती. आम्हाला वाटलं, आकडा मोठा म्हणजे वस्तू भारी. मिक्सर घेताना नाही का आपण वॅट विचारतो, तसंच. जमिनीवर, खुंटावर टेकवून बघितलं तेव्हा बरं दिसलंही. पण कयाकमध्ये बसून डोळ्याला लावली की समोर नुसता हिंदकळणारा हिरवा-करडा गोळा. पाहुणे दोन मिनिटं धडपडायचे आणि हसून परत द्यायचे. एका पाहुणीला तर मळमळायला लागलं. त्यात एकदा वल्ह्याचं पाणी उडालं आणि आठ दिवसांत आतल्या बाजूनं वाफ धरली. पावसाळा संपून बाहेर काढली तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! चोवीसशे रुपये पाण्यात.

गटाच्या बैठकीत मी दुसऱ्या दुर्बिणीचा विषय काढला, तेव्हा साहजिकच गहजब झाला. एक वहिनी म्हणाल्या, “आधीची ती कपाटात सडली, आता परत?” दुसरी म्हणाली, “पाहुणे आपापली घेऊन येतील की.” हिशेबाची वही माझ्याच हातात. बारा-चौदा हजार म्हणजे आमच्यासाठी केवढी रक्कम आहे हे मला का ठाऊक नव्हतं? पण मी एवढंच म्हटलं, की मागच्या खेपेला आपण दुर्बीण घेतली नाही, आकडा घेतला. या खेपेला आधी शिकू आणि मग घेऊ.

शिकवणी मिळाली ती कुडाळच्या एका निवृत्त गुरुजींकडे. आयुष्यभर पक्षी बघत हिंडलेले. त्यांनी जे सांगितलं ते इतकं सोपं होतं, की आपण आधीच का विचारलं नाही, असं वाटलं.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. समजा ८×४२ लिहिलंय. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसणार. आठ पट म्हणजे ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. भिंग जितकं रुंद तितका उजेड जास्त आत येतो, पण वजनही वाढतं.

आता खरी गोम पुढेच आहे. दुर्बीण पक्षी मोठा करते, तसा आपल्या हाताचा थरथराटही तेवढ्याच पटीनं मोठा करते. जमिनीवर उभं राहून दहा पट चालून जाते. डुलणाऱ्या कयाकमध्ये आठ पटीच्या वर गेलात की चित्र स्थिर राहतच नाही. शिवाय आकडा वाढला की सहसा एका वेळी दिसणारा परिसर लहान होतो, म्हणजे पक्षी सापडायलाच वेळ लागतो. म्हणून होडीसाठी सात किंवा आठ. बस्स. आमची ‘शंभरपट’ त्यामुळेच कपाळमोक्ष करणारी ठरली. थरथर थोपवणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या दुर्बिणीही असतात, पण त्यांच्या किमती आमच्या आवाक्याबाहेरच्या.

गुरुजींनी आणखी एक गणित घातलं. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. ८×४२ ला येतं सव्वापाच, खिशात मावणाऱ्या १०×२५ ला येतं अडीच. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली, की डोळ्याकडच्या भिंगात जो पांढरा ठिपका दिसतो, त्याची ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. त्या ठिपक्यासमोर आपली बाहुली आली तरच दिसतं. ठिपका अडीच मिलिमीटरचा असेल तर होडी जरा डोलली की बाहुली बाजूला सरकते आणि सगळं काळं होतं. ठिपका मोठा असेल तर थोडं इकडेतिकडे झालं तरी दिसत राहतं. जहाजावर ७×५० वापरतात ते यासाठीच. तिथे ठिपका सात मिलिमीटरचा. मात्र ती जवळपास किलोभराची असते. गळ्यात अडकवून दोन तास वल्हं मारून बघा, मान सांगेल!

शिवाय जहाजावरच्या बऱ्याच दुर्बिणींत प्रत्येक डोळ्याचं भिंग वेगळं फिरवून जुळवावं लागतं. एकदा जुळवलं की लांबचं सगळं स्पष्ट दिसतं, पण कांदळाच्या फांदीवर पाच मीटरवर बसलेला खंड्या काही दिसत नाही. पक्षी बघायचे तर मधल्या एकाच चाकानं दोन्ही डोळ्यांचं जुळवणारी घ्यावी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे चार शिंतोडे सोसेल. ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे पाण्यात पडली तरी आत पाणी जाणार नाही. दोन शब्दांत जमीनअस्मानाचा फरक. आत नायट्रोजन वायू भरलेला असेल तर आतून वाफ धरत नाही. आयपीएक्स ७ असं लिहिलेलं असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल असा त्याचा अर्थ.

हे सगळं वहीत लिहून मी आणि काकी एसटीनं कोल्हापूरला गेलो. काकींनी आधी खूप आढेवेढे घेतले, “माका दिसणा नाय, मी येवन काय करू?” मी म्हटलं, तुम्ही सोबतीला चला. मनात म्हटलं, वापरणार त्या, मग बघायलाही त्याच हव्यात. चप्पल काय दुसऱ्याच्या मापानं घेतो आपण?

दुकानदार भला माणूस होता, पण त्यानंही पहिल्यांदा काढली ती २०×५०. “मॅडम, ही बघा पॉवरफुल!” मी वही उघडली. आठ पटीच्या तीन-चार दुर्बिणी समोर मांडल्या गेल्या. मी एकेक उजेडाकडे धरून ठिपका बघितला. एकीत तो पूर्ण गोल नव्हता, कडा चौकोनी करड्या दिसत होत्या. आतली लोलकाची काच हलकी असली की असं होतं, हे गुरुजींनी सांगून ठेवलं होतं. ती बाजूला. एकीची भिंगं आमच्या जुन्या दुर्बिणीसारखी लाल चमकत होती, तीही बाजूला. चांगल्या भिंगावर हिरवट-जांभळी फिकी झाक असते, आरशासारखी चकाकी नसते.

मग मी काकींना म्हटलं, आता तुम्ही बघा. त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या, पाय लांब सोडले आणि चक्क कयाकमध्ये बसल्यासारख्या डावीकडे-उजवीकडे डुलायला लागल्या! रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. दुकानदार म्हणाला, “मावशी, बरं वाटत नाही का?” मला हसू आवरेना. पण परीक्षा अगदी योग्य होती. होडीत वापरायची वस्तू स्थिर उभं राहून पारखण्यात काय अर्थ?

डुलून झाल्यावर काकींनी मान हलवली. तेच उत्तर, “काळा काळा दिसता. डोळेच नाय माझे.”

तेवढ्यात दुकानदारानं हात पुढे केला, दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या दोन रबरी वाट्या गोल फिरवून आत बसवल्या, आणि दोन नळ्या जराशा एकमेकींच्या जवळ दाबल्या. “मावशी, चष्मा लावणाऱ्यांनी या वाट्या आत करायच्या. आणि तुमचा चेहरा अरुंद आहे, नळ्या जवळ आणायला हव्यात. आता बघा.”

काकींनी बघितलं. बघतच राहिल्या. रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साडीकडे. मग हळूच म्हणाल्या, “काठार मोर आसत.”

वर्षभर ही बाई समजत होती की आपले डोळे गेले! साधी गोष्ट होती. चष्मा लावला की डोळा भिंगापासून लांब राहतो. तेवढ्या अंतरावरूनही पूर्ण दिसावं म्हणून दुर्बिणीचा आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि भिंग यांतलं अंतर, निदान १५-१६ मिलिमीटर असावा लागतो. आमच्या स्वस्त दुर्बिणीत तो नव्हताच. आणि बायकांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरीनं पुरुषांपेक्षा थोडं कमी असतं. काही मोठ्या दुर्बिणींच्या नळ्या तेवढ्या जवळ येतच नाहीत. मग दोन वेगवेगळे गोल दिसतात, मधे काळं. दोष त्या नळ्यांचा, आणि आपण म्हणतो, आपल्यालाच जमत नाही. शिवणयंत्र उंच असलं तर आपली पाठ वाईट, ओटा उंच असला तर आपली उंची कमी, आणि दुर्बीण जुळली नाही तर आपले डोळे अधू! वस्तूला नावं ठेवायच्या आधी आपण स्वतःला ठेवून मोकळ्या होतो, नाही का मैत्रिणींनो?

काकींच्या डोळ्यांना आणि हातांना जुळली ती ८×४२. पाऊण किलोपेक्षा थोडी कमी, वॉटरप्रूफ, नायट्रोजन भरलेली, आय रिलीफ १७. घासाघीस करून साडेतेरा हजार. त्याच घरातली ८×३२ आणखी हलकी होती, एकटीनं वापरायची असती तर मी तीच घेतली असती. पण आमच्या सफरी भल्या पहाटे आणि संध्याकाळी. अंधूक उजेडात मोठं भिंग कामाला येतं.

वॉटरप्रूफ झाली म्हणून दुर्बीण तरंगत नाही, हे आणखी एक. ती दगडासारखी तळाला जाते. त्यासाठी आत फोम भरलेला, नारिंगी रंगाचा जाड पट्टा वेगळा मिळतो. तो घेतला आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल? अंगणात टबभर पाणी भरलं, नऊ जणी भोवती बसल्या आणि दुर्बीण पट्ट्यासकट पाण्यात सोडली. साडेतेरा हजार रुपये पाण्यात सोडताना माझ्या पोटात गोळा आला होता. दुर्बीण बुडाली, पट्टा वर आला आणि त्यानं तिला वर उचलून धरलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या वहिनींनी बैठकीत विरोध केला होता त्यांनीच ती पहिल्यांदा पाण्यातून काढली.

मग वापराचे नियम ठरले. ते आमच्या शेडमध्ये पुठ्ठ्यावर लिहून लावले आहेत. तुम्ही कुठेही कयाकमध्ये बसलात तर उपयोगी पडतील.

आधी लाइफ जॅकेट, मग दुर्बीण. पट्टा आखूड ठेवायचा, म्हणजे ती छातीवर राहते आणि वल्ह्यावर आपटत नाही. गळ्यातला पट्टा होडीला कधीही बांधायचा नाही. होडी उलटली तर आपण अडकून पडू. बघायचं असेल तेव्हा वल्हं मांडीवर आडवं ठेवायचं, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवायची. एकीनं बघायचं, दुसरीनं होडी सांभाळायची. दोघींनी एकदम बघायचं नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी हेरायचा, नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. सूर्याकडे चुकूनही रोखायची नाही, डोळे कायमचे जातील.

पहिल्यांदा वापरताना दोन्ही डोळ्यांचं जुळवून घ्यायचं. उजवं पुढचं भिंग हातानं झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं. मग डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याकडची कडी फिरवायची. आपापला आकडा ध्यानात ठेवायचा. आमच्या नऊ जणींचे नऊ आकडे भिंतीवर लिहिलेत.

आणि पदरानं पुसायची नाही! ही सवय सुटता सुटत नव्हती. खाऱ्या पाण्याचे थेंब सुकले की मिठाचे कण राहतात. त्यावर कोरडा पदर फिरवला की भिंगाला घासणीनं घासल्यासारखे ओरखडे. परतल्यावर गोड्या पाण्याच्या हळुवार धारेखाली धुवायची (वॉटरप्रूफ असेल तरच हं!), पाणी निथळू द्यायचं, मग मऊ स्वच्छ फडक्यानं टिपायची. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात. कोकणातल्या दमट हवेत बुरशीला आमंत्रण लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात ही दुर्बीण घेऊन आम्ही पहिल्यांदा खाडीत गेलो. पुण्याहून आलेलं एक कुटुंब होतं. चिखलावरच्या थव्यापासून चांगल्या अंतरावर आम्ही चारही कयाक थांबवल्या. दुर्बीण एका होडीतून दुसऱ्या होडीत फिरली. त्यांची आठवीतली मुलगी ओरडली, “आई, त्याच्या चोचीत किडा दिसतोय!” थवा जागचा हलला नाही. आमच्या या खाडीत ‘जवळ घ्या’ न ऐकता गेलेली ती पहिली फेरी.

परतताना कांदळाच्या वाळक्या फांदीवर काळ्या टोपीचा खंड्या बसला होता. पाठ जांभळट निळी, चोच पोवळ्यासारखी लाल. मी दुर्बीण मागे काकींकडे दिली आणि वल्हं पाण्यात धरून होडी स्थिर केली. त्यांनी वाट्या आत फिरवल्या, नळ्या जवळ घेतल्या, कोपरं बरगड्यांना टेकवली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी वळून विचारलं, “दिसला का काकी?”

“त्याच्या चोचीत बोय आसा. बारकी,” त्या म्हणाल्या, “आणि शेपटेकडसून धरल्यान हा. सुटतली बग.”

सुटली की नाही ते मला काही दिसलं नाही. दुर्बीण त्यांच्याकडे होती.